पाच वर्षांचे कौशल्य, वीस वर्षांचे हप्ते

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत ठाण्यात, वागळे इस्टेट येथे उभी राहिली. त्या वसाहतीतल्या कारखान्यांच्या पाळ्यांवर ज्यांचा दिवस उगवला नि मावळला, अशी पिढी आता निवृत्त झाली आहे. कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पोखरण रस्ता आणि घोडबंदर रस्ता येथे संगणक कंपन्यांची मोठमोठी कार्यालये आली. नौपाड्यापुरते बोलायचे तर पूर्वी प्रत्येक इमारतीत एक तरी बँकवाला, एक शिक्षक आणि एक मंत्रालयात जाणारा असे. आज त्याच जागी पुनर्विकास होऊन उभ्या राहिलेल्या इमारतीत मजल्यागणिक एक सॉफ्टवेअर इंजिनिअर सापडतो. मध्यमवर्गाचा कणा एका पिढीत बँकेच्या काउंटरवरून संगणकाच्या पडद्यापाशी सरकला, असे म्हणायला हरकत नाही.

या वर्गाची मते काय आहेत, याकडे म्हणूनच लक्ष द्यायला हवे. माझ्या परिचयातला असाच एक गृहस्थ आहे. वय त्रेचाळीस, विनाअनुदानित महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी, वीस वर्षे आज्ञावली लिहिण्याचा अनुभव, पत्नीही नोकरीत, मुलगी दहावीत. ‘काका, तुम्हाला म्हणून सांगतो’ अशी सुरुवात करून तो जे बोलतो त्याचा सारांश तीन वाक्यांत सांगता येईल. एक, कॉलेजात मी काहीच शिकलो नाही, जे शिकलो ते इंटरनेटवर. तेव्हा पदवीला यापुढे किंमत राहणार नाही. दोन, कामाचे तास, हजेरी, युनियन हे सगळे कारखान्याच्या जमान्यातले. आमचे मोल तासांवर नव्हे, निकालावर ठरते. तीन, कृत्रिम बुद्धिमत्ता जो शिकणार नाही त्याची नोकरी खाईल, जो शिकत राहील त्याला भय नाही. ‘आमच्या धंद्यात कुठलेही कौशल्य पाच वर्षांपलीकडे टिकत नाही,’ अशी पुस्तीही तो जोडतो.

ही मते सहज, चहा पिता पिता मांडलेली आहेत. परंतु आपल्या घरांतले निर्णय अशाच सहज मतांवर होत असतात. मुलीने अकरावीला काय घ्यावे, क्लासची फी भरावी की नाही, दोन खोल्यांऐवजी तीन खोल्यांचे घर घ्यावे का, हे सारे ‘त्या क्षेत्रातला माणूस असे म्हणतो’ या एका वाक्याच्या आधारे ठरते. म्हणून या तिन्ही मतांची वजाबाकी-बेरीज करून पाहणे गरजेचे आहे. मी बँकेत उमेदवारी केली ती हाताने लेजर लिहिण्याच्या काळात आणि बाहेर पडलो तो सगळी बँक एका पडद्यावर आल्यानंतर. त्यामुळे हा हिशेब मला थोडा ओळखीचा वाटतो.

पदवीचा कागद

शिक्षणाबद्दलच्या त्याच्या तक्रारीत तथ्य नाही असे कोण म्हणेल? पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ चे, मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची. त्यानंतर जवळजवळ शतकभर महाराष्ट्रात अभियंता होण्याची दारे मोजकीच होती. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि ही दारे एकदम सताड उघडली. शेकडो गावांतल्या मुलांना संधी मिळाली, हे त्या निर्णयाचे श्रेय. मात्र इमारती जितक्या लवकर उभ्या राहिल्या तितक्या लवकर शिक्षक तयार झाले नाहीत, ही त्याची दुसरी बाजू. काल पदवी घेतलेला मुलगा आज त्याच वर्गात शिकवायला उभा, असे चित्र अनेक ठिकाणी दिसे. अशा महाविद्यालयातून बाहेर पडलेल्याला ‘मी स्वतःच शिकलो’ असे वाटले तर नवल नाही.

दुसरीकडे, घरबसल्या शिकण्याची सोय खरोखरच अपूर्व झाली आहे. आयआयटी आणि बंगळुरूची विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केले आणि तिथली व्याख्याने फुकट उपलब्ध झाली. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले. त्याआधी २००१ पासून एमएस-सीआयटीने गल्लोगल्ली संगणकाची ओळख करून दिली. गडचिरोलीच्या मुलाला आयआयटीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली ही, की असे अभ्यासक्रम सुरू करणारे पुष्कळ आणि शेवटास नेणारे थोडे, हा जगभरचा अनुभव आहे. शेवटास नेतात ते बहुधा आधीच शिकण्याची सवय लागलेले लोक. आमच्या या गृहस्थाने इंटरनेटवर नवी भाषा चार आठवड्यांत आत्मसात केली, कारण त्याच्यापाशी गणित होते, बरे इंग्रजी होते, चार वर्षे परीक्षेच्या धाकाने टेबलापाशी बसण्याची शिस्त होती. ‘कॉलेजने काही दिले नाही’ म्हणताना हे भांडवल तो हिशेबात धरत नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे. तिथे बसून स्वतःच्या बळावर विद्वान झालेले लोक असतीलही, पण ग्रंथालय आहे म्हणून शाळा नको, असे त्या काळी कोणी म्हटले नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आली तेव्हा काय झाले, हेही ताजे आहे. ज्या घरात दोन भावंडांत एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्या घरातले शिक्षण थांबले.

दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची. पदवीला किंमत नाही असे सांगणाऱ्यांच्याच कंपन्या नोकरी देताना काय विचारतात? अनेक मोठ्या कंपन्यांची अट दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे साठ टक्के, अशी राहिली आहे. झोहोसारख्या एखाद्या कंपनीने बारावीनंतरच्या मुलांना हाताशी धरून स्वतःच्या शाळेत शिकवले, हे खरे आणि कौतुकाचेही. पण तो अपवाद आहे. श्रीमंत घरातल्या मुलाला पदवीवाचून चालेल, त्याला ओळखी आहेत. ज्याच्या घरात कोणी कोट घातलेला नाही त्याला दारावरच्या पहारेकऱ्याला दाखवायला तो कागदच लागतो. तेव्हा ‘पदवी नको’ हा सल्ला कोण कोणाला देतो आहे, हे आधी पाहावे.

महाविद्यालये सुधारा, ही मागणी मात्र जोरात व्हायला हवी. त्यातच भाषेचा प्रश्न येतो. २०२१-२२ पासून पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचे वर्ग मराठीतून सुरू केले. अशा प्रयोगांना पुस्तके आणि शिक्षक मिळाले तर जो मुलगा केवळ इंग्रजीच्या धसक्याने मागच्या बाकावर जातो तो पुढे येईल.

रविवार कोणी मिळवला?

आता कामाचे पाहू. वाचक हा लेख रविवारी सकाळी निवांतपणे वाचत असतील. हा निवांतपणा कोणी उदार होऊन दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. युनियन कारखान्याच्या जमान्यातली असेल, पण तिने मिळवलेला रविवार संगणकाच्या जमान्यातला माणूसही उपभोगतो.

उपभोगतो म्हणायचे एवढेच. प्रत्यक्षात अमेरिकेची सकाळ सुरू होते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे जेवण असते आणि त्याच वेळी याची बैठक सुरू होते. घरून काम करण्याची मोकळीक म्हणजे स्वातंत्र्य, असे त्याला २०२० मध्ये वाटले होते. ती मोकळीक कंपन्यांनी दिली आणि कंपन्यांनीच काढून घेतली. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येणे आवश्यक केले. त्याच महिन्यात नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे एस. एन. सुब्रह्मण्यन नव्वद तासांपर्यंत पोचले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने आणि आस्थापनांतली दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून दहा तास करण्यास मंजुरी दिली. तासांना महत्त्व नाही असे ज्यांना वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे, की मालक मंडळी तासांचाच विचार करीत आहेत.

आम्ही बँकेत उशिरापर्यंत बसत नव्हतो असे नाही. जून आणि डिसेंबरअखेर व्याज काढताना रात्री अकराची गाडी पकडणे हे ठरलेले असे. पण आमच्या कामाला शेवट होता. दिवसाची तेरीज जुळली, रोकड तिजोरीत गेली, दोन चाव्या दोघांच्या खिशात पडल्या, की तो दिवस संपला. जादा कामाचा भत्ता ठरलेला होता आणि तो करारात लिहिलेला होता. ‘निकालावर मोल’ या कल्पनेत तेरीज जुळण्याची वेळ येतच नाही. एक निकाल दिला की दुसरा तयार असतो आणि निकाल म्हणजे काय, हे समोरचा ठरवतो. जून २०२५ मध्ये टीसीएसने असा नियम केला, की कर्मचाऱ्याने वर्षातले किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असले पाहिजे आणि कामाविना पस्तीस दिवसांहून अधिक राहता कामा नये. हजेरीपुस्तक गेले असे म्हणावे, तर ते अशा प्रकारे परत आले.

बँकेतला संगणक

तिसरे मत तंत्रज्ञानाचे. इथे इतिहास आपल्याला थोडी मदत करतो.

रिझर्व्ह बँकेने सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा पहिला आराखडा दिला. दुसरा अहवाल १९८९ चा. त्यापूर्वी १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकावरून कलकत्त्यात मोठा संघर्ष झाला होता. बँकांतही भीती तीच होती. अखेर १९८३, १९८७ आणि १९९३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाले. किती यंत्रे, कोणत्या शाखांत, कोणत्या कामासाठी, ती चालवणाऱ्याला भत्ता किती, सारे लिहून ठेवले गेले. लेजर पोस्टिंगचे यंत्र शाखेत आले तेव्हा ते शिकवण्यासाठी प्रशिक्षण केंद्रात पाठवले जाई, बँकेच्या वेळेत आणि बँकेच्या खर्चाने. बँकिंगच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यास वेतनवाढ मिळे. शिकण्याचा भार माणूस आणि संस्था यांनी वाटून घेतला होता.

या सावकाशीची किंमत होती आणि ती ग्राहकाने मोजली. पासबुक भरून घेण्यासाठी तासभर उभे राहणाऱ्या निवृत्त शिक्षकाला संगणकाविरुद्धच्या लढ्याचे कौतुक वाटण्याचे कारण नव्हते. बचत खात्यावर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवरच व्याज मिळे, कारण हाताने रोजचा हिशेब ठेवणे अशक्य होते. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झाले ते संगणकामुळे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरून एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. हे खातेवहीच्या जोरावर झाले नसते.

तथापि महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. संगणकामुळे आतल्या कोणालाही घरी जावे लागले नाही. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि एक लाखाच्या आसपास लोक बाहेर पडले. तेव्हाही सेवेच्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या सेवेचा पगार, यांत जे कमी असेल ते मिळाले. भार पडला तो बाहेरच्यांवर. नव्वदच्या दशकात कारकुनांची भरती जवळजवळ थांबली आणि कित्येक वर्षे थांबूनच राहिली. ज्या मुलांनी एरवी बँकेची परीक्षा दिली असती ती मुले संगणकाच्या क्लासला गेली. आमचा हा त्रेचाळीस वर्षांचा गृहस्थ त्याच पिढीतला. त्या वेळी सॉफ्टवेअरचे नवे दार उघडे होते, म्हणून ती पिढी तरली.

आज प्रश्न असा आहे, की आता कोणते दार उघडे आहे? ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले. तेव्हापासून आज्ञावलीचे सोपे, चाकोरीतले काम, जे देऊन नव्या मुलांना तयार केले जाई, ते यंत्राकडून करून घेता येऊ लागले. नव्या मुलांचा वार्षिक पगार तर त्याआधीच दहा-पंधरा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत होता. आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरात कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, त्यांत भरणा मधल्या आणि वरच्या श्रेणीतल्या लोकांचा होता. बँकेत आतला वाचला आणि बाहेरचा थांबला. इथे बाहेरच्याला दार अरुंद आणि आतल्यालाही पाय रोवायला जागा नाही. ‘जो शिकेल तो तरेल’ हे वाक्य या ठिकाणी अपुरे पडते. वीस वर्षे मन लावून काम केलेली, शिकलेली माणसेच त्या यादीत असतात.

कर्जाच्या टेबलावरून

बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही एक साधा प्रश्न विचारायचो: हे परत कशातून येणार? गृहकर्जाचे उत्तर पगारपत्रक हे असते. आता गणित पाहा. ऐंशी लाखांचे कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे. हप्ता साधारण ६९,४०० रुपये. वीस वर्षांत एकूण भरणा एक कोटी सहासष्ट लाखांच्या वर, म्हणजे मुदलाहून व्याज अधिक. हे २४० हप्ते न चुकता येतील असे बँक धरते आणि घर घेणाराही धरतो. कौशल्य पाच वर्षांचे आणि हप्ते वीस वर्षांचे, म्हणजे एका कर्जाच्या पोटात चार वेळा नव्याने शिकायचे आणि चारही वेळा बाजाराला ते पसंत पडायचे. चौथ्या वेळी वय साठीकडे झुकलेले असते.

हे नव्याने शिकणे कोणाच्या वेळेत आणि कोणाच्या पैशाने? सध्याचे उत्तर असे, की रात्री, रविवारी आणि स्वतःच्या. इथे शिक्षण, काम आणि तंत्रज्ञान ही तिन्ही मते एकमेकांत गुंततात. कामाचे तास मोजायचे नाहीत म्हटल्यावर शिकायला तास उरत नाहीत. शिकणे ही ज्याची त्याची जबाबदारी म्हटल्यावर मागे पडला तो आपल्या दोषाने, असे सिद्ध होते. पन्नाशीतला माणूस हे मनात धरून बसतो आणि नोकरी गेल्याचे महिनाभर घरी सांगत नाही. अशी घरे आपल्या आसपास आहेत.

कायद्याने थोडी वाट दाखवली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्प्रशिक्षणासाठी निधी आहे. मालकाने त्यात पंधरा दिवसांचे वेतन भरायचे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई वेगळी. पण ही तरतूद ‘कामगारा’साठी आहे; व्यवस्थापकीय पद असलेल्याला ती लागू नाही आणि या धंद्यात चार वर्षांत प्रत्येकाच्या नावापुढे मॅनेजर लागतो. शिवाय ज्याच्याकडून ‘राजीनामा’ लिहून घेतला जातो त्याची कपात झालीच नाही असे कागद सांगतो. पुण्यातून काम करणाऱ्या ‘नाइट्स’ या संगणक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने २०२५ मध्ये टीसीएसच्या कपातीविरुद्ध केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे दाद मागितली, तेव्हा अनेकांना आपल्याला अशी संघटना आहे हे पहिल्यांदा कळले.

काय करता येईल? कंपन्यांनी प्रशिक्षणाचे तास कामाच्या तासांतच धरावेत. बँकांना जे जमले ते त्यांना न जमण्याचे कारण नाही. ‘स्वेच्छेने’ दिलेल्या राजीनाम्यांची छाननी कामगार आयुक्तांनी करावी. कर्मचाऱ्यांनी संघटना म्हणजे दुबळ्यांचे काम, हा समज सोडावा. बँकेतले आमचे अधिकारीही संघटनेचे सभासद होते आणि त्यांना कोणी दुबळे म्हणत नसे. घरांतल्या वडीलधाऱ्यांसाठीही काही व्यवहाराच्या गोष्टी आहेत. कर्ज एकाच पगारावर पेलेल एवढेच घ्यावे, दुसरा पगार शिल्लक धरावा. किमान वर्षभराचे हप्ते बाजूला असल्याशिवाय मोठ्या घराच्या पाट्या पाहायला जाऊ नये. आणि दहावीतल्या मुलीला केवळ पगाराचे आकडे ऐकून संगणक शाखेकडे ढकलू नये. तिचे गणित, तिची भाषा, तिची निरीक्षणाची सवय पक्की होईल असे पाहावे, कारण पुढे चार वेळा शिकायचे झाल्यास तेच भांडवल कामी येणार आहे.

सॉफ्टवेअरवाल्या त्या गृहस्थाची मते आत्मविश्वासाची आहेत आणि वीस वर्षांच्या यशातून आलेली आहेत. त्या आत्मविश्वासाला कमी लेखू नये. पण एका माणसाच्या यशाचा नियम सगळ्या पिढीला लावताना, ज्यांचे हप्ते थकतील त्यांची घरे कोण सांभाळणार, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बँक तो विचारते, पण कर्ज देताना. समाजाने तो त्याआधी विचारावा.